दाराची डावी फळी

चित्र टांगण्याला कुणी कला म्हणत नाही. वाकडं टांगलं गेलं तर मात्र आंधळ्यालाही कळतं. एकतीस वर्षं मी या गॅलरीत चित्रं टांगतोय, आणि इतक्या वर्षांत मला 'छान सरळ लावलंस' म्हणणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातले एक मास्तर.

मास्तर म्हणजे आमच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर. मला चित्र कधी जमलं नाही. मी काढलेल्या माणसाचं नाक बटाट्यासारखं दिसायचं आणि घोडा काढला तर वर्गातली पोरं त्याला नावं ठेवायची. पण पट्टी न घेता मी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारायचो. मास्तरांनी माझं नाव ठेवलं ओळंबा. भिंत सरळ उभी राहतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला लोखंडी गोळा बांधून सोडतो, तो ओळंबा. शाळा सुटल्यावर दोनतीन वर्षं मी नुसता उंडारत होतो. तेव्हा मास्तरांनीच मला हाताला धरून गॅलरीत आणलं आणि त्या वेळच्या मॅनेजरला सांगितलं की याला चित्र काढता येत नाही, पण कुठलं चित्र तिरकं आहे ते याला दारातून कळतं. तेवढ्या एका वाक्यावर मी आजवर पोट भरतोय.

माझ्याच वर्गात एक मुलगा होता. तो काढायचा कमी आणि खोडायचा जास्त, म्हणून सगळे त्याला खोडरबर म्हणायचे. आज तसं म्हणायची कुणाची छाती नाही. तो नावाजलेला चित्रकार आहे, त्याच्या कामावर जाडजूड पुस्तकं निघालीत, आमच्या गॅलरीच्या समितीत त्याच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही. मीही चारचौघांत त्याला सर म्हणतो. मनात काय म्हणतो ते माझ्यापाशी.

यंदा या खोडरबरच्या डोक्यात आलं की मास्तरांच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरवायचं. चाळीस विद्यार्थ्यांची चाळीस चित्रं आणि एक खुद्द मास्तरांचं. खरं सांगायचं तर मला भरून आलं. इतकी वर्षं उगाच त्याच्याबद्दल वाकडं बोलत होतो असं वाटलं. त्यात आणखी एक गोष्ट होती. माझी मुलगी शिकून दोन वर्षं घरी बसली होती. गॅलरीच्या ऑफिसात एक जागा निघणार होती आणि तिच्यासाठी मी खोडरबरकडे शब्द टाकला होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून 'बघतो' म्हटलं होतं. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता.

मास्तरांचं चित्र आणायला मी स्वतः गेलो. मास्तर आता शहाऐंशीचे. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडले तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहेत. त्यांच्या मुलीने, म्हणजे ताईने, कपाटाच्या वरच्या खणातून जुन्या चादरीत गुंडाळलेलं चित्र काढलं. जेमतेम दीड फुटाचं जलरंगातलं चित्र. खिडकीशी स्टुलावर मास्तरांची बायको बसलीय आणि चष्म्याच्या मोडक्या काडीला दोरा गुंडाळतेय. चष्मा हातात असल्यामुळे तिला धड दिसत नाहीये, म्हणून तिने डोळे बारीक केलेत आणि दोऱ्याचं टोक दातात धरलंय. बस, एवढंच. पण मी एकतीस वर्षांत हजारो चित्रं हाताळली, आणि कुठलंही चित्र असं बघत उभा राहिलेलो नाही.

मास्तरांनी उभ्या जन्मात स्वतःच्या चित्रांचं प्रदर्शन कधी भरवलं नाही. मुलांच्या चित्रांमागे धावण्यात ते राहून गेलं. बाई, म्हणजे मास्तरांची बायको, आजारी होत्या तेव्हा एकदा चेष्टेत म्हणाल्या होत्या, जगाला माझं ध्यान दाखवाल तरी कधी? मास्तरांनी शब्द दिला होता की दाखवीन. त्या आजारातच बाई गेल्या, त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

"मला भाषण नको, शाल नको," मास्तर मला म्हणाले. "हिला चार माणसांनी बघावं, एवढंच बघ."

मी म्हटलं, मास्तर, ते माझ्याकडे लागलं.

कुठलं चित्र कुठे लावायचं त्याचा नकाशा खोडरबर करत होता. पहिल्या नकाशात मास्तरांचं चित्र समोरच्या मोठ्या भिंतीवर मधोमध होतं. दोन दिवसांनी दुसरा नकाशा आला, त्यात मधोमध खोडरबरचं आठ फुटी चित्र आलं आणि मास्तर शेजारी सरकले. तिसऱ्या नकाशात शेजारी एका बड्या पुढाऱ्याच्या सुनेचं चित्र आलं आणि मास्तर बाजूच्या भिंतीवर गेले. चौथ्या नकाशात ते दाराशी आले. मॅनेजर बाईंनी मला कागद देताना माझ्याकडे बघणं टाळलं. कागदावर लिहिलं होतं, प्रवेशद्वार, आत शिरताच डावीकडची भिंत. मी विचार केला, वाईट नाही. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पहिल्यांदा तेच पडेल.

इथे माझी अक्कल शेण खायला गेली होती. चित्रं टांगताना आम्ही गॅलरीचं दार बंद ठेवतो. रस्त्यावरची धूळ आत येते आणि बाहेरच्या उजेडात दिव्यांचा अंदाज चुकतो. शिवाय आमचं दार दोन फळ्यांचं, जुनं, उंच. एरवी आम्ही फक्त उजवी फळी उघडतो, डावीला वर्षभर वरखाली कड्या असतात. त्यामुळे डावी फळी उघडते हेच आम्ही विसरून गेलेलो. मी बंद दाराआड निवांत काम केलं. बाकीची चित्रं नेहमीप्रमाणे लावली, मध्य जमिनीपासून साठ इंचांवर. मास्तरांचं मात्र चव्वेचाळीसवर घेतलं, म्हणजे चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर. त्यावर एक स्वतंत्र दिवा सोडला. नावाची पट्टी उजवीकडे, जरा लांब लावली, चित्राला मोकळं वाटावं म्हणून. मग लांब जाऊन बघितलं आणि खुश होऊन घरी गेलो. त्या दिवशी जेवताना मुलीलाही सांगितलं की उद्या ये, जन्माचं काम केलंय.

उद्घाटन संध्याकाळी पाचला होतं. साडेचारला खोडरबर आला, अंगात नवा कोट. दारात उभा राहून त्याने दोन्ही फळ्या उघडायला सांगितल्या, मुख्य पाहुण्यांबरोबर पंचवीसेक माणसं असणार होती. आणि आठवडाभर दोन्ही तशाच ठेवा म्हणाला, गर्दी होईल. पहारेकऱ्याने डाव्या फळीच्या कड्या काढल्या, फळी आत ढकलली आणि पार भिंतीला टेकवून जमिनीतल्या आकड्यात अडकवली.

मास्तरांचं चित्र नाहीसं झालं.

फळी बरोबर चित्रावर बसली होती. तिच्या कडेबाहेर फक्त नावाची पट्टी दिसत होती, आणि मी सोडलेला दिवा फळीवर झक्क पडला होता. जुन्या लाकडाच्या रेषा, पितळी कडी, सगळं उजळून निघालं होतं.

आणि त्या क्षणी मला आठवलं की हे आधी एकदा झालंय. एकतीस वर्षांपूर्वी, मी नोकरीला लागलो त्याच वर्षी, मास्तरांनी आपल्या विद्यार्थ्यांची चित्रं इथे लावली होती. खोडरबरचं एक लहानसं चित्र याच भिंतीवर होतं. मुख्य पाहुणे येणार म्हणून दोन्ही फळ्या उघडल्या आणि ते असंच झाकलं गेलं. खोडरबर मागच्या जिन्यात बसून रडायला लागला. मास्तरांनी कोट काढून माझ्या हातात दिला, पेचकस मागितला आणि मुख्य पाहुणे पायरीवर ताटकळत उभे असताना स्वतःच्या हाताने डाव्या फळीच्या तिन्ही बिजागऱ्या खोलल्या. आम्ही दोघांनी मिळून फळी मागच्या अंगणात नेऊन ठेवली. मॅनेजर ओरडत होता, मास्तर ऐकूनच घेत नव्हते. पाहुणे आत आले ते थेट त्या लहान चित्रासमोर येऊन थांबले, आणि विचारलं की हे कुणाचं. खोडरबरचं जे काही पुढे झालं ते त्या प्रश्नापासून झालं. हे सगळ्या गावाला माहीत नसेल, पण त्याला माहीत आहे. या भिंतीवर काय होतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

मी त्याच्याजवळ गेलो आणि हळू आवाजात सांगितलं की सर, मास्तरांचं चित्र दारामागे गेलंय. त्याने वळून बघितलं. आश्चर्य वाटल्याचा एक कणही चेहऱ्यावर नव्हता.

"उद्घाटन होऊ दे, मग बघू," तो म्हणाला. मी जागेवरून हललो नाही तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या मुलीचं पत्र सोमवारी निघतंय, बरं का. सहीपुरतं अडलंय."

माझ्या शर्टाच्या खिशात पेचकस होता. तो नेहमीच असतो. तीन बिजागऱ्या, प्रत्येकीला चार स्क्रू, दहा मिनिटांचं काम. मी खिशाला हात लावला. मग हात खाली घेतला आणि पाण्याच्या बाटल्या नीट मांडायला निघून गेलो. ते माझं काम नव्हतं.

पाच वाजता फीत कापली गेली. ताई मास्तरांची खुर्ची ढकलत आली. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी गुळगुळीत केली होती, आणि मांडीवर बाईंचा तो दोरा गुंडाळलेला चष्मा होता. खोडरबरने भाषण केलं. मी जो काही आहे तो या हातांमुळे, असं म्हणून त्याने वाकून मास्तरांचे हात कपाळाला लावले. कॅमेरे चमकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोनतीन बायकांनी डोळे पुसले. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, सगळे वाजवत होते.

मग मास्तर प्रदर्शन बघायला निघाले. प्रत्येक चित्रासमोर ताईला थांबायला सांगत. हा अजून सावली काळ्या रंगाने काढतो, म्हणत. हिचा हात सुधारला, म्हणत. पण मधूनमधून मान वळवून पुढच्या भिंतीवर बघत होते. मोठी भिंत झाली, बाजूची झाली, आतली खोली झाली. मी खांबाआड उभा राहून बघत होतो. खोडरबर मुख्य पाहुण्यांना आपलं आठ फुटी चित्र समजावून सांगत होता, त्यात तो मास्तरांना पार विसरला होता. शेवटी ताई खुर्ची वळवून दाराकडे घेऊन आली.

त्या वेळी डाव्या फळीसमोर एक तरुण जोडपं उभं होतं. दोघांच्या गळ्यात कॅमेरे. मुलीने पट्टी वाचली, मास्तरांचं नाव, खाली 'जलरंग'. मग दोघांनी उजळलेल्या फळीकडे बघितलं.

"मला हे सगळ्यात आवडलं," मुलगा म्हणाला. "म्हाताऱ्याने दारच ठेवलंय. किती साधं."

"जलरंग का लिहिलंय पण?" मुलीने विचारलं.

तो म्हणाला की तेच तर, त्यातच सगळं आहे. तिने मान डोलावली, फळीशेजारी उभी राहिली आणि त्याने तिचा फोटो काढला. दोघं हसत बाहेर पडले.

मास्तर चार फुटांवर होते. त्यांनी पट्टी वाचली. मग फळी बघितली, वरून खालपर्यंत, सावकाश, मुलांच्या वह्या बघायचे तशी. ताईला काही कळलं नाही, ती म्हणाली, बाबा, तुमचं कुठं लावलंय हो? मास्तर म्हणाले, सापडेल, गर्दी जाऊ दे. त्यांनी खुर्ची भिंतीच्या कडेला लावून घेतली आणि तिथेच बसून राहिले. लोक येऊन नमस्कार करत होते, त्यांना ते हसून उत्तर देत होते. मी समोरून दोनदा गेलो, माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. एक तास, वर काही मिनिटं. माझ्या आयुष्यात याहून लांबलचक तास झालेला नाही, आणि त्या तासातलं कुठलंही मिनिट मला आकडा सोडवायला पुरलं असतं.

सातला खोडरबर पाहुण्यांबरोबर जेवायला गेला. जाताना मास्तरांना वाकून सांगून गेला की तुम्ही आलात, सगळं भरून पावलं. गॅलरी रिकामी झाली. मी आकडा सोडवला, फळी ओढून घेतली आणि दार बंद केलं.

बाई दिसल्या. दातात दोरा, बारीक केलेले डोळे. दिवा अगदी त्यांच्या हातावर पडला होता.

ताईने तोंडावर हात ठेवला. मास्तरांनी मांडीवरचा चष्मा उचलून चित्रासमोर धरला, दोऱ्याशी दोरा ताडून बघावा तसा, आणि पुन्हा मांडीवर ठेवला. मी मान खाली घालून उभा होतो.

"उंची बरोबर घेतलीस," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो मास्तर.

"दिवाही."

मला वाटलं आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. शाळेत ओरडायचे तेव्हा आम्हांला कळायचं की अजून त्यांची आशा सुटलेली नाही.

"तेव्हा मी ही फळी उतरवली होती," ते म्हणाले. "आठवतं?"

"आठवतं."

"मला पेचकस कुणी दिला होता?"

मी म्हटलं, "मीच दिला होता, मास्तर."

त्यांची नजर माझ्या खिशाकडे गेली. पेचकसाची लाल मूठ बाहेर दिसत होती, एकतीस वर्षं दिसते तशी. मी मुलीच्या नोकरीचं सांगायला तोंड उघडलं, सहीपुरतं अडलंय म्हणून सांगणार होतो, पण ते माझ्याच कानांना इतकं केविलवाणं वाटलं की मी गप्प बसलो.

"काढून दे," मास्तर ताईकडे बघत मला म्हणाले. "हिला घरी नेऊ."

मी चित्र उतरवलं. ताईने चादर मागितली, ती आत माझ्या कपाटात घडी करून ठेवलेली होती. मी गुंडाळायला लागलो तेव्हा ताईने माझ्या हातातून चित्र घेतलं आणि स्वतः गुंडाळलं. पायरीवरून खुर्ची उतरवायला मी पुढे झालो तर तिने पहारेकऱ्याला हाक मारली. शाळेपासून ती मला दादा म्हणत आलीय. त्या संध्याकाळी तिने मला काहीच म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाव्या फळीच्या कड्या काढल्या, ती उघडली आणि आकड्यात अडकवली. खोडरबरचा हुकूम तसाच होता. मागे भिंतीवर आता फक्त खिळा होता. पट्टी काढायचं मी मुद्दाम टाळलं, दिवाही तसाच चालू ठेवला. म्हटलं, बघू कुणाच्या लक्षात येतं का. सहा दिवस प्रदर्शन चाललं. माणसं येत होती, पट्टी वाचत होती, फळीकडे बघत होती आणि आत जात होती. मॅनेजर बाई दिवसातून दहा वेळा त्या दारातून आल्या गेल्या. खोडरबर तीनदा आला, एकदा तर टीव्हीवाल्यांना घेऊन आला आणि त्याच फळीसमोर उभा राहून मास्तरांवर बोलला. फळीमागे काही आहे की नाही हे बघायला एकानेही मान तिरकी केली नाही. सोमवारी मुलीचं पत्र आलं. तिने मला मिठी मारली, बायकोने देवापुढे ठेवलं. मी बाहेर जाऊन बसलो.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी चित्रं उतरवून बांधायची होती. खोडरबर यादी घेऊन आला आणि एकेका नावापुढे खूण करत गेला. चाळीस झाली. एक्केचाळिसाव्यावर पेन थांबलं.

"मास्तरांचं घरी पोचवलंस ना?"

"पोचलंय," मी म्हटलं.

"छान." त्याने खूण केली. मग यादीची घडी घालून खिशात ठेवताना माझ्याकडे बघून हसला. "त्यांना सांग, त्यांचं चित्र लोकांना फार आवडलं. पुष्कळ जण येऊन म्हणाले मला. भेटशील तेव्हा नक्की सांग, बरं वाटेल म्हाताऱ्याला."

काचेपलीकडे ऑफिसात माझी मुलगी तिच्या नव्या टेबलावरचे कागद लावत होती. तिने मला बघून हात हलवला.

"सांगतो, सर," मी म्हटलं.